रेम्ब्रांटने आपलीच प्लेट का खरवडली?

दोन ठसे शेजारी शेजारी मांडले, तर ते एकाच कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून निघालेत हे सांगूनही पटत नाही. पहिल्यात मधोमध क्रूसावर येशू, दोन बाजूंना दोन चोर, आणि वरून तंबूसारखा पसरत खाली उतरणारा उजेड. त्या उजेडात गर्दी आहे. भालेकरी, घोडेस्वार, कोसळलेली मरिया, क्रूसाच्या बुंध्याला बिलगलेली बाई, आणि घोड्यावरून उतरून, हात पसरून गुडघ्यांवर बसलेला रोमन शताधिपती. पुढच्या बाजूने काही माणसं घाईघाईने चित्राबाहेर निघालीत. दुसऱ्या ठशात हा सगळा मेळा कुठे गेला कळत नाही. वरून खाली काळ्या रेघांची झड लागली आहे, उजवीकडचा चोर त्यात जवळजवळ बुडाला आहे. शताधिपती दिसत नाही. त्या बाजूला उंच टोपी घातलेला एक घोडेस्वार पुतळ्यासारखा ताठ उभा आहे.

चित्राचं नाव 'तीन क्रूस'. ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांट या डच चित्रकाराने १६५३ साली ते केलं. पत्रा सुमारे साडेअडतीस सेंटिमीटर उंच आणि पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे मुद्राचित्राच्या, पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्राच्या, हिशेबात दणदणीत. प्रकरण असं की ही प्लेट, म्हणजे हा पत्रा, त्याने पूर्ण केली, सही केली, साल घातलं, ठसे काढले. आणि त्यानंतर कधीतरी स्क्रेपर घेऊन तिच्यावरची निम्मी माणसं खरवडून काढली. आपल्या हाताने, आपलंच काम. का?

या प्रश्नावर कलेतिहासवाल्यांनी भरपूर लिहिलंय. मी मुद्राचित्रणवाला आहे, शाईने काळी झालेली नखं घेऊन फिरणाऱ्यांपैकी. त्यामुळे मी उत्तर शोधायला बायबलच्या आधी तांब्याकडे जातो.

रेम्ब्रांट म्हटलं की लोकांना एचिंग आठवतं, आणि ते बरोबरच आहे. त्याने सुमारे तीनशे प्लेट्स केल्या, त्यातल्या बहुतेक एचिंगच्या. एचिंगमध्ये तांब्यावर मेणाचा पातळ थर देतात, त्याला आम्ही ग्राउंड म्हणतो. त्यावर सुईने चित्र काढायचं. सुई तांबं कापत नाही, फक्त मेण बाजूला सारून तांबं उघडं पाडते. मग प्लेट आम्लात बुडवली की उघडं तांबं खाल्लं जातं आणि रेघ तयार होते. रेम्ब्रांटच्या नावाने ग्राउंडची एक कृती १६६० साली लंडनमध्ये छापून आली होती. शुद्ध मेण, मस्तकी नावाचा डिंक आणि डांबरासारखं ॲस्फाल्टम, आणि त्यावर सफेद रंगाचा हात, म्हणजे सुईची रेघ पांढऱ्यावर तांबूस दिसावी. कागदावर लाल खडूने काढल्यासारखी. त्याचं ग्राउंड मऊ असायचं, म्हणून सुई अडत नाही आणि हात सैल राहतो. त्याच काळात पॅरिसमध्ये अब्राहम बॉस एचिंगचं पुस्तक लिहून लोकांना शिकवत होता की एचिंगची रेघ बुरीनच्या, म्हणजे तांबं कोरायच्या पोलादी हत्याराच्या, रेघेसारखी शिस्तीत फुगली-निमुळती झाली पाहिजे. रेम्ब्रांटने ती शिस्त कधी मनावर घेतली नाही. त्याची रेघ हस्ताक्षरासारखी पळते.

(जाता जाता, आपल्याकडच्या स्टुडिओत ज्याला डच मॉर्डन्ट म्हणतात त्या तांबं खाणाऱ्या द्रावणाचा रेम्ब्रांटशी काही संबंध नाही. त्यात पोटॅशियम क्लोरेट लागतं, आणि तो पदार्थ सापडायला अठरावं शतक संपत यावं लागलं. दरवर्षी एखादा विद्यार्थी जर्नलमध्ये तसं लिहितोच.)

पण 'तीन क्रूस'मध्ये आम्ल नाहीच. ही पूर्ण प्लेट ड्रायपॉईंट आणि बुरीनची आहे. या दोघांतला फरक या प्रकरणाची किल्ली आहे, म्हणून जरा थांबून बघू.

बुरीन म्हणजे छिन्नीसारखं टोकदार पोलाद. ते पुढे रेटलं की तांब्याची साल कुरळी होऊन निघून येते आणि मागे स्वच्छ खाच राहते. ड्रायपॉईंट म्हणजे नुसती टणक सुई, पेन्सिलसारखी धरून तांब्यावर सरळ ओरबाडायची. इथे तांबं निघून जात नाही, रेघेच्या कडेला उचललं जातं. नांगराच्या तासाला जशी माती दोन्हीकडे पडते तसं. घरात नवीन पातेल्यावर नाव घालून आणलं की त्या अक्षरांवर बोट फिरवून बघा, खरखर लागते. तशीच ही खरखर. तिला बर म्हणतात. शाई लावून प्लेट पुसली की खाचेत शाई राहतेच, पण या बरच्या कुशीतही राहते आणि कागदावर रेघेभोवती काळी, मऊ, ओलसर झालर उमटते. मखमल म्हणतो आम्ही तिला. एचिंगच्या रेघेला ती येत नाही, बुरीनच्या रेघेला तर नाहीच.

ती झालर फार दिवस टिकत नाही. बर म्हणजे तांब्याचा उभा राहिलेला कागदासारखा पातळ पापुद्रा. प्रेसच्या दोन रुळांमधून प्लेट जाताना दर वेळी तो थोडा दबतो, पुसताना कापडात अडकून थोडा तुटतो.

माझी पहिली ड्रायपॉईंट प्लेट तळहाताएवढी होती. आमच्या अंगणातलं कढीपत्त्याचं झाड आणि त्याखाली उलटी ठेवलेली बादली. पहिला ठसा उचलला तेव्हा बादलीखालची सावली इतकी गडद आणि ऊबदार आली की मी तो ठसा ओला असतानाच वर्गभर दाखवत फिरलो. दुसरा तसाच, तिसराही. पाचव्याला मला वाटलं दाब कमी पडतोय, म्हणून प्रेसचे दोन्ही स्क्रू आवळले. सहाव्याला सावली राखाडी आली. सातव्याला बादली हवेत तरंगत होती. सरांनी प्लेट खिडकीपाशी तिरकी धरली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बर गेला रे. स्क्रू कुणी आवळायला सांगितले होते तुला? आता नवीन पत्रा घे." मी घेतला. सगळेच घेतात.

रेम्ब्रांटने घेतला नाही. प्रकरण सगळं एवढ्यात आहे, पण तिथे पोचायच्या आधी त्या वर्षात डोकवायला हवं.

१६५३ साली तो ४६-४७ वर्षांचा होता आणि पैशांनी पुरता अडकला होता. ॲमस्टरडॅमच्या ब्रेस्ट्राट रस्त्यावरचं मोठं घर त्याने १६३९ मध्ये १३,००० गिल्डरला (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच चलन) घेतलं होतं. त्याची रक्कम फिटली नव्हती, आणि जुन्या मालकाने आता तगादा लावला होता. त्याच वर्षी रेम्ब्रांटने कॉर्नेलिस विट्सेनकडून ४,१८० गिल्डर, आयझॅक व्हान हेर्ट्सबेककडून ४,२०० आणि कवी-मित्र यान सिक्सकडून १,००० गिल्डर उचलले. एकाचं देणं फेडायला तिघांचं घेतलं. त्यात इंग्लंडशी समुद्रावर लढाई चालू, व्यापार मंदावलेला. तीन वर्षांनी, १६५६ मध्ये, त्याला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. जुलैमध्ये घरातल्या वस्तूंची यादी झाली तिच्यात ३६३ नोंदी आहेत: चित्रं, शिल्पं, शस्त्रं, शिंपले, आणि गठ्ठेच्या गठ्ठे मुद्राचित्रं. आज ते घर म्युझियम आहे आणि तिथे एचिंगचं प्रात्यक्षिक करून दाखवतात.

तर पैशाची निकड असलेला माणूस एक प्रचंड प्लेट घेतो, आणि जिच्यावरून शे-दोनशे ठसे सहज निघतील अशी एचिंगची पद्धत सोडून जी डझन-दोन डझन ठशांत थकू लागते अशी पद्धत निवडतो. धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणा वाटतो. तसा तो नसावा. थोडे ठसे, प्रत्येक वेगळा, प्रत्येक महाग. ॲमस्टरडॅमच्या शौकिनांना हे कळत होतं. त्याच्या आधीच्या एका मोठ्या प्लेटचं, १६४८च्या आसपासच्या 'येशू रोग्यांना बरं करतो'चं, नाव त्या शतकातच 'शंभर गिल्डरचा ठसा' पडलं होतं. एका ठशाला शंभर गिल्डर. खरेखोटेपणा बाजूला ठेवू, पण नाव पडतं म्हणजे बाजारात काहीतरी होतं.

आणि प्रत्येक ठसा वेगळा करणं हे त्याच्या हातात होतं, शब्दशः हातात. प्लेटवर शाई चोपडली की ती आधी मलमलीच्या बोळ्याने आणि शेवटी तळहाताने पुसतात. पुस्तकी पद्धत म्हणते, पृष्ठभाग लख्ख पुसा, शाई फक्त खाचेत राहू द्या. रेम्ब्रांट मुद्दाम पुसायचा नाही. कुठे पातळ पडदा ठेवायचा, कुठे तळहाताने उजेड काढायचा. जिथे तळवा फिरला तिथे कागद पांढरा, जिथे नाही फिरला तिथे संध्याकाळ. एकच प्लेट, पण एका ठशात क्रूसाभोवतीचा उजेड धारदार, दुसऱ्यात धुक्यातून आल्यासारखा. पुढच्याच वर्षाच्या सुमारास केलेल्या 'दफन' नावाच्या प्लेटचे काही ठसे तर इतके कमी पुसलेत की दिव्याखाली नेल्याशिवाय माणसं दिसत नाहीत. हे छापणं आणि रंगवणं यांच्या मधलं काहीतरी आहे. त्याला नुसतं छापणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कागदाचंही तसंच. 'तीन क्रूस'च्या पहिल्या अवस्थेचे बरेच ठसे कागदावर नाहीतच, व्हेलमवर आहेत, म्हणजे वासराच्या कमावलेल्या कातड्यावर. कातडं शाई पीत नाही. शाई वरच राहते आणि किंचित पसरते, रेघांच्या कडा विरघळतात, मखमल आणखी मऊ होते. महागडं साहित्य, धीटपणाने वापरलेलं. शिवाय १६४७च्या सुमारापासून तो जपानी कागद वापरत होता. हा कागद डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून यायचा. पिवळसर, गुळगुळीत, रेशमासारखा. हलक्या दाबात शाई उचलतो, म्हणून बर वाचतो. तो हातात घेतला की कळतं, ड्रायपॉईंटवाल्यासाठी याहून चांगला मित्र नाही. याच कागदावर त्याने पुढे, १६५६ ते १६६१ च्या दरम्यान, मुघल लघुचित्रांच्या वीसहून अधिक नकला केल्या. शाहजहान आहे त्यांत. झाडाखाली बसलेले चार फकीर आहेत, आणि त्यांची बैठक तशीच उचलून त्याने १६५६च्या 'अब्राहाम आणि देवदूत' या एचिंगमध्ये बसवली. म्हणजे कागद जपानचा, चित्र आग्रा-दिल्लीकडचं आणि गोष्ट बायबलातली. विषयांतर झालं, पण एवढ्या दुरून आलेला ओळखीचा चेहरा टाळून पुढे जाववत नाही.

आता अवस्था. मुद्राचित्रणात प्लेटवर बदल करून पुन्हा ठसे काढले की त्याला पुढची अवस्था, स्टेट, म्हणतात. 'तीन क्रूस'च्या पाच आहेत. पहिल्या तीन एकमेकींच्या जवळच्या: इथे सावली वाढवली, तिथे रेघा घातल्या, एवढंच. सही आणि १६५३ हा आकडा तिसऱ्या अवस्थेत येतो. माझ्या मते याला वजन आहे. सही उलटी कोरावी लागते, म्हणजे ती विसरभोळेपणाने होत नाही. बसून, ठरवून, 'झालं' असं म्हणून केलेली गोष्ट आहे ती. म्हणजे पहिल्या दोन अवस्थांचे ठसे काढतानाही तो अजून शोधतच होता, आणि तिसऱ्यात थांबला.

थांबला, आणि छापत राहिला, आणि प्लेट झिजली. उशिराचे ठसे बघितले की लगेच कळतं. उजेड आणि गर्दी यांच्यामधला काळा पडदा विरळ झालाय, सावल्या राखाडी पडल्यात. माझी बादली हवेत तरंगली तशीच त्याची माणसं तरंगायला लागलीत.

अशा प्लेटचं काय करता येतं? तीन गोष्टी. टाकून द्यायची. जुन्या रेघा पुन्हा खोल करून, बर पुन्हा उचलून ठसे काढत राहायचं. किंवा खरवडायचं.

खरवडणं म्हणजे काय ते एकदा जवळून बघा, मग रेम्ब्रांटच्या धाडसाचा अंदाज येतो. स्क्रेपर तीन धारांचा असतो. तो तांब्यावर जवळजवळ आडवा धरून ओढायचा, म्हणजे पृष्ठभागाचा बारीक चुरा निघत जातो. रेघ जितकी खोल, तितकं तांबं उतरवावं लागतं, आणि नुसती रेघेपुरती जागा उतरवली तर खड्डा पडतो, म्हणून आजूबाजूचं दोन-दोन बोटं तांबंही उतरवायचं. मग बर्निशर, म्हणजे गुळगुळीत पोलादी बोट, तेल लावून घासत बसायचं. मनगट दुखतं, खांदा दुखतो, आणि तासाभराने एका पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा साफ होते. खळगा फार झाला तर प्लेट उलटी करून मागून हातोडीने हळूहळू ठोकून वर आणायची. चूक पुसण्यासाठी इतके कष्ट घ्यायचे, तर चूक लहान असावी लागते. रेम्ब्रांटने प्लेटचा मोठा भाग असा उतरवला.

आणि मग त्या जखमी तांब्यावर नवीन चित्र काढलं. ही चौथी अवस्था, सुरुवातीला सांगितलेला दुसरा ठसा तिचाच. गोल, वळणदार, माणसांच्या अंगाभोवती फिरणाऱ्या जुन्या रेघांच्या जागी लांब, सरळ, कडक रेघा, पट्टी लावल्यासारख्या, वरून खाली. उंच टोपीचा घोडेस्वार त्याने पिसानेल्लो या पंधराव्या शतकातल्या इटालियन कलावंताने घडवलेल्या पदकावरून घेतला, मांटुआच्या जियानफ्रान्चेस्को गोंझागाचं पदक ते. एका बाजूला येशूचा शिष्य योहान हात फैलावून उभा. काही जुन्या माणसांची भुतं अजून दिसतात, अर्धवट पुसलेली पाटी दिसते तशी. ती त्याने पूर्ण घासून काढली नाहीत. निगुतीने घासणारा कारागीर हे सहन करणार नाही. रेम्ब्रांटला चाललं.

हे कधी घडलं, यावर मतं बदलत गेली. पूर्वी चौथी अवस्था सरसकट १६६०च्या आसपास टाकायचे, कारण तिचा अंधार त्याच्या उत्तर-आयुष्याला शोभतो असं वाटायचं. नंतर कागदांतल्या जलचिन्हांचा अभ्यास झाला. प्रत्येक गिरणीच्या साच्याची तारेची खूण कागदात उजेडाकडे धरली की दिसते, आणि साचे फार वर्षं टिकत नाहीत. त्या आधारे चौथी अवस्था तिसरीच्या बरीच जवळ आणणारे अभ्यासक आज आहेत. मला हे मत पटतं, आणि थोडं खुपतंही, कारण दिवाळं, म्हातारपण, एकटेपण आणि अंधार अशी जी छान साखळी आपण बांधून ठेवली होती ती तुटते.

तर का?

पहिलं उत्तर बाजाराचं. आर्नोल्ड हौब्राकेन नावाच्या चित्रकाराने १७१८ पासून डच चित्रकारांची चरित्रं छापायला सुरुवात केली. रेम्ब्रांट वारला तेव्हा हा नऊ वर्षांचा होता, म्हणजे ऐकीव माहितीवर लिहिणारा, पण ऐकीव माहिती तरी ताजी होती. तो टोमणा मारतो: रेम्ब्रांट आपल्या प्लेट्समध्ये बारीकसारीक बदल करून त्याच चित्राचे ठसे पुन्हा विकायचा. मुकुट असलेली जूनो (रोमन देवी) आणि मुकुट नसलेली जूनो दोन्ही ज्याच्याकडे नाहीत तो शौकीनच नव्हे, अशी तेव्हा हवा होती म्हणे. यात तथ्य असणारच. नऊ हजारांची कर्जं डोक्यावर असलेला माणूस हे करणार नाही असं मानणं भाबडेपणा आहे. पण मुकुट घालायला दहा मिनिटं लागतात. 'तीन क्रूस'ची चौथी अवस्था हा दहा मिनिटांचा डाव नाही.

दुसरं उत्तर झिजेचं, आणि आमच्या धंद्यातले लोक पटकन तेच देतात. प्लेट गेली, म्हणून दुरुस्त केली. निम्मं खरं आहे. पण दुरुस्ती कशी दिसते हे बघायचं असेल तर शंभर गिल्डरच्या ठशाचं पुढे काय झालं ते बघावं. ती थकलेली प्लेट कॅप्टन विल्यम बेली या आयरिश हौशी माणसाच्या हाती लागली. त्याने १७७५ साली तिच्या रेघा पुन्हा कोरल्या, सुमारे शंभर ठसे काढले, मग प्लेटचे चार तुकडे करून तुकड्यांचेही ठसे विकले. त्याने एक माणूस हलवला नाही की एक सावली वळवली नाही. जे होतं ते ठळक केलं. दुरुस्ती म्हणजे हे. झिजेची तक्रार एवढीच असती तर रेम्ब्रांटनेही सुई घेऊन सावल्या पुन्हा ओरबाडल्या असत्या आणि दोन दिवसांत प्लेट पुन्हा प्रेसवर चढली असती. शताधिपतीला हात लावायची गरज नव्हती.

आणि त्याने नेमका शताधिपतीला हात लावला. लूककृत शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात दुपारी बारापासून तीनपर्यंत देशभर अंधार पडल्याचं लिहिलंय, आणि येशूने प्राण सोडल्यावर हा परका अधिकारी, ज्याने क्रूसाचा पहारा केला तोच, देवाचं गौरव करतो. पहिल्या अवस्थेत उजेडाचा सगळा झोत जिथे उतरतो तिथे हा माणूस गुडघे टेकून आहे. गोष्टीची सगळी आशा त्या एका पाठमोऱ्या देहात. चौथ्यात तो गेला. उरला घोडेस्वार, ज्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही.

माझं मत सांगतो, ते एका कारागिराचं मत म्हणून घ्या. झीज हे कारण नव्हतं, झीज ही संधी होती. ताज्या, मखमली प्लेटवर कुणी स्क्रेपर चालवत नाही, रेम्ब्रांटनेही चालवला नसता. इतकं सुंदर काही हाताशी असताना हात धजावत नाही. बर गेल्यावर ती प्लेट विकण्याच्या लायकीची राहिली नाही, आणि मगच ती पुन्हा त्याची झाली. त्या राखाडी, थकलेल्या ठशाकडे बघताना त्याला पहिली गोष्ट दुरुस्त करावीशी वाटली नसणार. अंधार आधीच प्लेटमध्ये शिरू लागला होता, फक्त चुकीच्या दिशेने, सगळं फिकट करत. त्याने दिशा बदलली. पहिल्या ठशात अंधार पडायला सुरुवात झाली असेल, तर चौथ्यात तीन वाजलेत.

त्याच सुमाराला त्याचा हात या कामाला सरावलेला होता, याचा पुरावाही आहे. १६५३च्या आसपास त्याच्याकडे हर्क्युलिस सेगर्स या आधीच वारलेल्या कलावंताची एक प्लेट आली होती, तोबियास आणि देवदूताची. रेम्ब्रांटने त्यातली दोन्ही माणसं खरवडली आणि त्या जागी इजिप्तकडे पळणारं मरिया-योसेफाचं कुटुंब आणि झाडी घातली. बाकीचा निसर्ग सेगर्सचाच राहू दिला. झाडांच्या पानांत देवदूताचा पंख अजून दिसतो. आणि १६५५ मध्ये, 'तीन क्रूस'एवढ्याच मापाच्या दुसऱ्या ड्रायपॉईंटवर, 'येशूला लोकांपुढे उभं केलं' त्या प्लेटवर, त्याने सुरुवातीला ओट्यापुढे काढलेली सगळी गर्दी पुसून टाकली. गर्दीच्या जागी दोन काळ्या कमानी आल्या. आठ अवस्था झाल्या त्या प्लेटच्या. मध्येच पत्र्याची वरची पट्टीही कापून टाकली, कारण आधीच्या अवस्थांत पत्रा जपानी कागदापेक्षा मोठा पडायचा आणि वर कागदाचा तुकडा जोडावा लागायचा.

रंगचित्रांत ही सवय लपून राहते, कारण तिथे रंगावर रंग चढतो. 'कापडतपासनीस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १६६२च्या समूहचित्राच्या क्ष-किरण छायाचित्रांत दिसतं की मागे उभा असलेला नोकर त्याने बऱ्याचदा हलवून पाहिला. ॲमस्टरडॅमच्या नगरभवनासाठी १६६१-६२ मध्ये केलेलं क्लॉडियस सिव्हिलिस या रोमनांविरुद्ध उठलेल्या सरदाराचं भलंमोठं चित्र परत आलं तेव्हा ते कापून मधला भागच ठेवला गेला. तो आता स्टॉकहोममध्ये आहे. आणि त्याच्या शिशाच्या सफेद्याचे ते जाड, उठावाचे थर, इम्पास्टो, ज्यांवर खरा उजेड अडकतो, ते मला नेहमी बरसारखेच वाटत आलेत. कॅनव्हासवर साहित्य उचलून उभं करायचं आणि त्याच्या सावलीला कामाला लावायचं. ड्रायपॉईंटच्या सुईने तो तांब्याशी हेच करत होता.

फरक एवढाच की कॅनव्हासवरचा उठाव टिकतो, तांब्यावरचा प्रेसखाली मरतो.

चौथ्या अवस्थेतला बरही मेलाच. पाचवी अवस्था रेम्ब्रांटची नाही. खाली फ्रान्स कारेल्से या प्रकाशकाचं नाव कोरलेलं आहे, आणि ठसे असे की वरून कोसळणाऱ्या त्या रेघा आता नुसत्या रेघा दिसतात. बाकीच्या अनेक प्लेट्सचा प्रवास पुढे दोन-अडीचशे वर्षं चालला. १६७९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या क्लेमेंट डे यॉन्घे या विक्रेत्याच्या मालमत्तेत त्यांची यादी सापडते. मग त्या फ्रान्समध्ये वातेले हा संग्राहक आणि बासां हा विक्रेता यांच्याकडे गेल्या, आणि अखेर विसाव्या शतकात अमेरिकेत एका संग्रहात ७८ पत्रे उरले होते. 'तीन क्रूस'चा पत्रा त्यांत नाही. तांबं वितळवलं की परत तांबंच होतं, आणि त्याला भाव होता.

ठसे आहेत, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये, आणि त्यांची मोठी छायाचित्रं घरबसल्या बघता येतात. बघायचंच तर चौथ्या अवस्थेचा ठसा पूर्ण मोठा करून घोडेस्वाराभोवतीचा भाग बघा. काळ्या सरळ रेघांच्या खाली, त्यांना जुमानत नसलेल्या काही वाकड्या, मऊ रेघा आहेत. त्या नवीन चित्राच्या नाहीत.